घरी व्यायामयंत्र घेताय? आधी थोडा हिशेब करू या

थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत आपल्याकडे व्यायामयंत्रांच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. त्याच सुमारास आपल्यापैकी अनेकांची वार्षिक रक्ततपासणी झालेली असते. "ए-वन-सी जरा वर सरकले आहे, चालायला लागा," असे डॉक्टर सांगतात. बाहेर बर्फ असतो, संध्याकाळी पाचला अंधार पडतो, आणि मग घराघरांत एकदम ट्रेडमिलची आठवण होते. सेल लागलेला असतो, घरपोच फुकट असते, दरमहा थोडे थोडे भरायची सोय असते. यंत्र बेसमेंटमध्ये येते, आणि मार्चपर्यंत त्याच्या दांड्यांवर टॉवेल वाळू लागतात.

हा विनोद आपल्या जेवणावळींत इतक्या वेळा झाला आहे की त्यातले नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही. पाचसातशे डॉलर गेले हे एक नुकसान. दुसरे त्याहून मोठे. ए-वन-सी होते तिथेच राहते, आणि "आम्ही घरी व्यायाम करून बघितला, जमत नाही" अशी मनाची समजूत मात्र पक्की होते.

माझे मत असे की दोष आळसाचा कमी आणि खरेदीच्या पद्धतीचा जास्त आहे. आपण मंडळी तुलना करण्यात पटाईत. मोटारगाडी घेताना चार दुकाने पालथी घालतो. पण व्यायामयंत्र घेताना आपण पडद्याचा आकार, कार्यक्रमांची संख्या आणि किमतीवरची सूट यांची तुलना करत बसतो. तुलना करायला हवी ती तीन गोष्टींची: घरात ते यंत्र कोण वापरणार, त्या व्यक्तीच्या शरीराला कशाची गरज आहे, आणि दोनतीन वर्षांत दर वापराला किती खर्च पडणार.

आपल्याला कशाची गरज आहे?

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो, हे आता सर्वमान्य आहे. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या अमेरिकनांसाठी मधुमेहाची तपासणी सुरू करण्याची बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाचे वजन सुमारे १४२ पौंड झाले की तो या मर्यादेला पोहोचतो. अशा माणसाला आपल्याकडे कुणी जाडा म्हणणार नाही. उलट "जरा खात जा" असाच आग्रह होईल. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शक सूचनांतही दक्षिण आशियाई वंश हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला आहे.

अमेरिकन सरकारच्या २०१८ च्या सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. यातला पहिला भाग आपल्याला पाठ असतो. दुसरा बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो. आपल्याकडे व्यायाम म्हणजे चालणे, फार तर योगासने. जोर, बैठका, मुद्गल आपल्याच मातीतले खरे, पण ते तालमीतल्या मुलांसाठी अशी आपली समजूत. घरातल्या बायकांच्या वाट्याला ते कधी आलेच नाहीत.

जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, साठीनंतर हा वेग वाढतो. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, किराणा मालाची पिशवी जड वाटणे, जिना उतरताना कठडा धरावा लागणे, ही सारी त्याचीच लक्षणे असू शकतात. म्हणून नुसते चालण्याचे यंत्र आणले तर आपली निम्मीच गरज भागते. खरेदीच्या यादीत ताकदीच्या साधनाला जागा हवीच.

यंत्र नक्की कोणासाठी?

यंत्र कोणते घ्यायचे हे घरातला एक जण ठरवतो आणि त्याची खरी गरज बहुधा दुसऱ्या कुणाला असते, असे आपल्या घरांत फार दिसते. मोटर किती अश्वशक्तीची, याची चर्चा करणारे गृहस्थ ऑफिसच्या जिममध्ये जाऊ शकतात. नोकरी, स्वयंपाक, मुलांचे क्लास आणि ने-आण यांतून ज्या बाईला सलग वीस मिनिटे मिळत नाहीत, तिला ते यंत्र सोयीचे आहे का, असे तिला कुणी विचारलेले नसते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा तर विचारच होत नाही. वास्तविक हिवाळ्यात सर्वांत जास्त कोंडले जातात ते तेच.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. पुढे वय, उंची, वजन, गुडघे-पाठ-तोल यांच्या तक्रारी आणि दिवसातली मोकळी वेळ लिहा. बायपास किंवा स्टेंट झालेले, छातीत दुखणारे, इन्शुलिन घेणारे कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग प्रत्येक यंत्राशेजारी, ते कोण वापरू शकेल यावर खुणा करा. ज्या यंत्रापुढे एकच खूण पडते, त्याची किंमत कितीही कमी असली तरी ते घराला महाग आहे.

आता एकेका यंत्राकडे पाहू. किमती ढोबळ आहेत. सेलप्रमाणे त्या खाली-वर होतात.

ट्रेडमिल

१८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्लिश अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायचक्की तयार केली. तिचेच नाव या यंत्राला मिळाले. आज लोक पैसे मोजून ती शिक्षा भोगतात, असे थट्टेने म्हणता येईल. तरीही चालणे हा सर्वांना येणारा व्यायाम असल्याने ट्रेडमिलची निवड चुकीची नाही. चुकीची असते ती स्वस्त ट्रेडमिलकडून ठेवलेली अपेक्षा.

तीनशे ते सातशे डॉलरची ट्रेडमिल चालण्यासाठी ठीक, धावण्यासाठी नाही. मोटरची अश्वशक्ती पाहताना 'पीक' हा शब्द असेल तर तो आकडा सोडून द्या. 'कंटिन्युअस' म्हणजे सतत मिळणारी शक्ती किती ते विचारा. चालण्याला २, हलके धावण्याला अडीच आणि नियमित धावण्याला ३ च्या पुढे असावी. पट्टा चालण्यासाठी निदान ५० ते ५५ इंच लांब हवा, धावण्यासाठी ६० इंच. यंत्रावर लिहिलेली वजनाची मर्यादा घरातल्या सर्वांत वजनदार माणसाच्या वजनापेक्षा ५० पौंड तरी जास्त असू द्या.

त्यानंतर घर मोजा. जुन्या घरांच्या बेसमेंटचे छत सात फुटांचे असते. यंत्राचा पट्टा जमिनीपासून सहाआठ इंच वर, चढ दिला की आणखी वर. सहा फुटी मुलगा त्यावर धावू लागला तर डोके कुठे लागेल याचा हिशेब आधीच करा. मागे पडल्यास अडकू नये म्हणून यंत्राच्या पाठीमागे साडेसहा फूट मोकळी जागा ठेवावी असा संकेत आहे. भिंतीला पाठ लावून ट्रेडमिल ठेवणे धोक्याचे. वीजजोडणी शक्यतो स्वतंत्र सर्किटवर असावी, एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नये. पट्ट्याखाली ठराविक काळाने सिलिकॉन तेल घालावे लागते, ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो.

ज्येष्ठांसाठी ट्रेडमिलचा मी आग्रह धरणार नाही. तोल थोडा गेला तरी पट्टा थांबत नाही. आईवडिलांसाठी आपण प्रवासी विमा घेतो, पण त्यात वजावट असते, मर्यादा असतात, आणि आधीच्या आजारांचे नियम वेगळे असतात. एका पडण्यापायी इमर्जन्सी रूमचे जे बिल येईल, त्यात चार यंत्रे येतील. आणि मोडलेले खुब्याचे हाड कुठल्याच विम्याने पूर्ववत होत नाही.

सायकल, एलिप्टिकल आणि वल्ह्याचे यंत्र

माझ्या मते आपल्या बहुतेक घरांना सर्वांत उपयोगी पडणारे स्वस्त यंत्र म्हणजे जागेवरची सायकल, आणि त्यातही पाठीला टेका असलेली, पाय पुढे करून चालवायची, म्हणजेच 'रिकम्बंट'. दीडशे ते चारशे डॉलरमध्ये चांगली मिळते. गुडघ्यांवर शरीराचा भार येत नाही, पडायची भीती नाही, आवाज नाही. सत्तरीच्या आजी मालिका पाहता पाहता वीस मिनिटे चालवू शकतात आणि त्याच सायकलवर ताण वाढवून नातू घाम गाळू शकतो. घेताना ताण चुंबकाचा आहे की चामड्याच्या अथवा फेल्टच्या पट्टीचा, ते पाहा. चुंबकाच्या सायकलीत काही झिजत नाही आणि ती जवळजवळ नि:शब्द चालते. बैठक पाच फुटी आणि सहा फुटी माणसाला जुळेल इतकी सरकते का, हेही बसूनच पाहावे. हाडांना मात्र चालण्याइतका लाभ सायकलमुळे होत नाही. ज्यांची हाडे ठिसूळ होत आहेत त्यांनी सायकलबरोबर चालणे आणि वजने यांची जोड द्यावी.

एलिप्टिकल सांध्यांना सुखाचे, पण स्वस्तातल्या यंत्रांत पावलाची लांबी बारा-चौदा इंचच असते. त्यावर प्रौढ माणसाचे चालणे बाहुलीच्या चालण्यासारखे होते आणि काही दिवसांत गुडघे बोलू लागतात. १८ इंचांपेक्षा कमी असेल तर घेऊ नये.

वल्ह्याच्या यंत्रात पाय, पाठ, हात सगळ्यांना व्यायाम मिळतो. व्हरमॉन्टच्या कॉन्सेप्ट२ कंपनीचे यंत्र हजार डॉलरच्या आसपास जाते. ते वर्षानुवर्षे टिकते आणि जुने विकतानाही चांगला भाव येतो. दोनशे डॉलरची तेलाच्या दट्ट्यावर चालणारी यंत्रे मात्र गरम होतात आणि त्यांचा ताण बदलत राहतो. शिवाय बैठक बहुधा जमिनीजवळ असते आणि पाठ वाकवून ओढायची सवय लागली तर कंबर धरते. ज्यांना खालून उठायला त्रास होतो त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

वजने आणि 'मल्टिजिम'

एकाच सांगाड्यात सगळे व्यायाम देणारे यंत्र जाहिरातीत फार देखणे दिसते. चारशे ते हजार डॉलरच्या अशा यंत्रांत दोन अडचणी असतात. एक म्हणजे कप्प्यांची रचना. काही यंत्रांत १५० पौंडांची चळत असली तरी हाताला त्याच्या निम्माच भार जाणवतो. दुसरी अडचण जोडणीची. शेकडो सुटे भाग, एक अख्खा शनिवार-रविवार, आणि घर बदलताना ते पुन्हा सुटे करण्याची कुणाची तयारी नसते. पाच फुटी बाईला त्याची बैठक जुळत नाही, हे वेगळेच.

त्याऐवजी वजन कमी-जास्त करता येणारी डंबेल्सची जोडी, एक बाक आणि रबराचे ताणपट्टे घ्या. साधारण अडीचशे ते चारशे डॉलरमध्ये घरातल्या प्रत्येकाची सोय होते. आजींना ताणपट्टा आणि खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे पुरते. मुलाला ५० पौंडांची डंबेल्स लागतात. सगळे सामान कपाटाखाली मावते.

इथेही सावधगिरी हवी. जून २०२५ मध्ये बोफ्लेक्सच्या ५५२ आणि १०९० या डंबेल्सच्या सुमारे ३८ लाख नगांचा रिकॉल जाहीर झाला. उचलताना वजनाच्या चकत्या सुटून पडू शकतात हे कारण. जुनी डंबेल्स घेताना मॉडेलचा क्रमांक सीपीएससी या सरकारी आयोगाच्या रिकॉल यादीत तपासून घ्या. साधी, एकसंध ओतीव डंबेल्स घेतली तर ही काळजी उरत नाही.

पैशांचा हिशेब

समजा, ६०० डॉलरची ट्रेडमिल घेतली. आठवड्यातून तीनदा, तीन वर्षे वापरली तर ४६८ वेळा वापर होतो; दर वेळचा खर्च १ डॉलर २८ सेंट. सहा आठवड्यांत सोडून दिली तर अठराच वेळा, म्हणजे दर वेळी ३३ डॉलर. किमतीवरच्या शंभर डॉलरच्या सवलतीने यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वापराने.

शेजारच्या जिमशी तुलना करा. प्लॅनेट फिटनेसने २०२४ मध्ये नव्या सभासदांसाठी मूळ दर महिना १० वरून १५ डॉलर केला. त्यात वार्षिक फी पन्नासेक डॉलर धरली तर एका माणसाचे वर्षाला २३० होतात. एकटा माणूस असेल, जिम पाच मिनिटांवर असेल आणि तो खरोखर जात असेल, तर यंत्र घेऊच नये. चौघांचे घर असेल तर वर्षाला ९२० आणि तीन वर्षांत २,७६० डॉलर होतात; तिथे घरचे सामान स्वस्त पडते. ६५ वर्षांवरील ज्यांच्याकडे मेडिकेअर ॲडव्हान्टेज आहे त्यांनी सिल्व्हरस्नीकर्ससारखी फुकट जिमची सोय आपल्या योजनेत आहे का, ते आधी पाहावे.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण हल्लीच्या पडदेवाल्या यंत्रांना तंतोतंत लागू पडते. दरमहा ४० डॉलरची वर्गणी असेल तर तीन वर्षांत १,४४० डॉलर होतात. वर्गणी बंद केल्यावर यंत्र साधेपणाने चालते का, हे लेखी विचारून घ्या. जुने घेतानाही प्रश्न सुटत नाही. पेलोटनने २०२४ पासून अमेरिकेत इतरांकडून विकत घेतलेल्या जुन्या यंत्रांच्या नव्या मालकांना ९५ डॉलरची एकरकमी फी लावली.

'बारा महिने बिनव्याजी' हे वाचून लगेच सही करू नका. दुकानाच्या कार्डावर अनेकदा व्याज माफ नसते, पुढे ढकललेले असते. शेवटच्या दिवशी थोडी जरी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागते, आणि तो दर २५-३० टक्क्यांच्या घरात असू शकतो.

एच.एस.ए.च्या पैशांतून यंत्र घ्या, अशी जाहिरातही हल्ली दिसते. तब्येत सर्वसाधारणपणे चांगली राहावी म्हणून केलेला खर्च वैद्यकीय खर्च धरला जात नाही, असे आय.आर.एस.ने मार्च २०२४ मध्ये पुन्हा बजावले. डॉक्टरांनी निदान केलेल्या विशिष्ट आजारावरील उपचारासाठी खर्च असेल तरच प्रश्न येतो. आपल्याला न तपासता चार प्रश्नांवर चिठ्ठी देणाऱ्यांवर विसंबू नका. कर सल्लागाराला विचारा.

हमीपत्र वाचताना 'सांगाड्याची आजीवन हमी' या ओळीने हुरळून जाऊ नये. सांगाडा सहसा मोडतच नाही. मोटर, पडदा, पट्टा आणि कारागिराची मजुरी यांची हमी किती, ते पाहा. मजुरीची अनेकदा नव्वद दिवस किंवा वर्षभरच असते. आणि कंपनीच राहिली नाही तर आजीवन शब्दाला अर्थ उरत नाही. नव्वदच्या दशकात घरोघर पोहोचलेले नॉर्डिकट्रॅक १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेले आणि नाव दुसऱ्यांनी विकत घेतले. बोफ्लेक्स कंपनीवर मार्च २०२४ मध्ये तीच वेळ आली. यंत्र परत करायचे झाल्यास दोनशे पौंडांचे धूड पाठवण्याचा खर्च कुणाचा, हेही विचारावे.

जुने यंत्र घेणे आपल्यापैकी काहींना कमीपणाचे वाटते. तसे वाटू नये. संकल्प करणाऱ्यांची यंत्रे वसंत ऋतूत गराज सेलला आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींत निम्म्याहून कमी भावात येतात, आणि कित्येक तर जेमतेम वापरलेली असतात. मात्र घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे चालवून पाहा, जळका वास किंवा खरखर येते का ते बघा, आणि उचलायला दोन धडधाकट मित्र व व्हॅन घेऊन जा.

लहान मुले घरात असतील तर

या मुद्द्यावर तडजोड नको. पेलोटनच्या ट्रेड-प्लस या ट्रेडमिलखाली ओढले जाऊन एक लहान मूल दगावले, इतर मुले जखमी झाली, आणि मे २०२१ मध्ये सुमारे १,२५,००० यंत्रांचा रिकॉल करावा लागला. ती काही स्वस्तातली यंत्रे नव्हती. तेव्हा कोणतीही ट्रेडमिल असो, सुरक्षा-किल्ली वापरानंतर काढून उंच जागी ठेवावी, प्लग काढावा, आणि यंत्र चालू असताना मुले त्या खोलीत नसावीत. हे पाळणे जमणार नसेल तर मुले मोठी होईपर्यंत ट्रेडमिल घेऊ नये.

माझी शिफारस

शंभर डॉलरच असतील तर ताणपट्टे, चटई आणि एक डंबेल्सची जोडी घ्यावी, आणि चालण्यासाठी जवळच्या मॉलमध्ये सकाळी जावे. बरेच मॉल चालणाऱ्यांसाठी लवकर उघडतात. पाचसहाशे डॉलर असतील तर टेक्याची चुंबकीय सायकल आणि बदलत्या वजनाची डंबेल्स. हजाराच्या पुढे जाण्याची तयारी असेल आणि घरात खरोखर धावणारे असतील, तर एक मजबूत ट्रेडमिल किंवा चांगले वल्ह्याचे यंत्र, शक्यतो जुने. तीनशे डॉलरची ट्रेडमिल धावण्यासाठी आणि सातशेची मल्टिजिम 'सर्वांसाठी' या दोन खरेद्या टाळाव्यात.

आणि घेण्यापूर्वी महिनाभर वाय.एम.सी.ए.त किंवा एखाद्या जिममध्ये त्याच प्रकारचे यंत्र, ज्याच्यासाठी घेणार त्या व्यक्तीने, आठवड्यातून तीनदा वापरून पाहावे. पी हळद नि हो गोरी असे यात काही नाही. महिनाभर टिकले तर खुशाल घ्या. आल्यावर ते बेसमेंटच्या कोपऱ्यात न टाकता फॅमिली रूममध्ये ठेवा, थोडी शोभा गेली तरी चालेल. पाहुणे काय म्हणतील याचा विचार करू नका. पाहुण्यांचेही ए-वन-सी वाढलेलेच असते!